'बायसेक्ट' आणि बेचा पाढा

अमरावतीच्या वा अकोल्याच्या शाळेत मराठीतून भूमिती शिकणारा विद्यार्थी कोन 'दुभागतो'; इंग्रजीतून शिकणारे त्याचे धाकटे भावंड तोच कोन 'बायसेक्ट' करते. कंपासपेटी एक, कृतीही एक. शब्द मात्र एकमेकांस परके वाटतात. वस्तुतः ते एकाच घराण्यातले आहेत.

'बायसेक्ट' हे क्रियापद इंग्रजीत सतराव्या शतकात आले. त्याचे दोन्ही अवयव लॅटिन. 'सेकारे' म्हणजे कापणे. 'सेक्शन' व 'सेक्टर' ही त्याचीच संतती, आणि अंगावर खाचा पाडल्यासारख्या दिसणाऱ्या कीटकाचे 'इन्सेक्ट' हे नावही त्यातलेच. आरंभीचा 'बाय' म्हणजे लॅटिन 'बि'. प्राचीन लॅटिनमध्ये ह्याच्या तोंडी 'द' होता आणि संस्कृत 'द्वि'शी त्याचे सख्खे नाते होते. पुढे रोमन लोकांच्या उच्चारात तो 'द' गळाला व मागचा 'व' 'ब' होऊन बसला. युद्धवाचक 'दुएल्लुम'चे 'बेल्लुम' झाले ते ह्याच रीतीने.

आता बेचा पाढा आठवावा. संस्कृत 'द्वे'चे प्राकृतात 'बे' झाले. 'बारा', 'बावीस', 'बेचाळीस' ह्यांतला 'ब' तोच. रोमचा उच्चार कोणी महाराष्ट्रात आणून पोचविला नाही. दोन्हीकडच्या जिभा स्वतंत्रपणे एकाच वाटेने गेल्या. त्यातही 'बे दुणे चार' ह्या तीन शब्दांत मोठी मौज आहे. 'दुणे' हे 'द्विगुण'पासून आलेले. तेथे 'द' टिकला आणि 'व' उकारात विरून गेला. 'दुभागणे' ह्यातील 'दु' तसाच. इंग्रजीतही 'बायसेक्ट'च्या शेजारी 'ड्युअल' सुखाने नांदतो. 'बेकायदा', 'बेसावध' ह्यांतील 'बे' मात्र फारसी, अभाव दाखविणारा. त्याला ह्या कुळात ओढू नये.

अर्थाविषयी थोडी दक्षता हवी. भूमितीत 'बायसेक्ट' म्हणजे नेमके दोन समान भाग करणे. महमूद गावान ह्या बहामनी वजिराने (मृत्यू १४८१) वऱ्हाडचे गाविल व माहूर असे दोन तरफ केले. इंग्रजी अमदानीत, पुढे आणखी जिल्हे पडण्यापूर्वी, अमरावतीकडे पूर्व वऱ्हाड आणि अकोल्याकडे पश्चिम वऱ्हाड अशी विभागणी होती. ह्या वाटण्या कर्कटकाने केलेल्या नव्हत्या. तेथे 'विभागणे' हेच पुरे. रस्त्यातील 'दुभाजका'कडून तरी समानतेची अपेक्षा कोण करतो! बडनेऱ्यास मुख्य लोहमार्गाला अमरावतीचा फाटा फुटतो, त्याला इंग्रजीत 'बायफर्केट' होणे म्हणतात. 'फुर्का' म्हणजे दोन दातांचे शेतकी अवजार. तेथे कापणे नाही, बेचके फुटणे आहे. आणि मन किंवा घर 'दुभंगते' तेव्हा ह्यांपैकी एकही इंग्रजी शब्द उपयोगी पडत नाही, कारण 'भंग' म्हणजे मोडणे.

दुभागण्याचा सर्वांत घरगुती शब्द मात्र अकोल्याच्या डाळमिलांत सापडतो. 'डाळ' हा शब्द संस्कृत 'दल्', म्हणजे फुटणे, उकलणे, ह्या धातूतून निघाला. तुरीच्या दाण्यात दोन दले मुळातच असतात, वरचे टरफल त्यांना घट्ट धरून ठेवते. म्हणून तूर आधी खरवडतात, तेलपाणी लावून मुरवतात, वाळवतात. मग टरफल सुटते आणि दाणा आपल्या सांध्यावर उकलतो.