रात्र किती लांब?

हॉफमन आणि रायटर या अमेरिकी संशोधकांचा सीरियन हॅमस्टर नरांवरचा प्रयोग १९६५ साली ‘सायन्स’मध्ये छापून आला. दिवस लहान आणि रात्र मोठी ठेवली, की दोन-अडीच महिन्यांत या नरांचे वृषण आक्रसतात, वजन दहाव्या हिश्श्याच्या आसपास येतं आणि शुक्राणू बनणं थांबतं. पण ज्यांच्या मेंदूतली पीनियल ग्रंथी काढून टाकली होती, त्यांच्यावर लांब रात्रींचा काही परिणाम झाला नाही. जिला कित्येक जण उत्क्रांतीतला निरुपयोगी अवशेष समजत, ती इवलीशी ग्रंथी नराच्या प्रजननक्षमतेवर ताबा ठेवून होती.

या ग्रंथीचा स्राव, मेलाटोनिन, १९५८ साली येल विद्यापीठातल्या आरन लर्नर यांनी वेगळा केला होता. लर्नर त्वचारोगतज्ज्ञ. कोडावर उपाय सापडेल या आशेने त्यांनी गाईबैलांच्या पीनियल ग्रंथी गोळा केल्या आणि बेडकाची कातडी फिकट करणारा पदार्थ त्यांच्या हाती लागला. प्रजननाचा विषय त्यांच्या मनातही नव्हता.

हे काम चालतं कसं? डोळ्याच्या पडद्यावर उजेड पडल्याची खबर मेंदूतल्या जैविक घड्याळाकडे जाते. तिथून निघालेला संदेश थेट पीनियलकडे जात नाही. मज्जारज्जूत उतरतो, मानेतल्या चेतागाठीतून वळसा घेऊन परत वर येतो. रात्री अंधार असेल तर मेलाटोनिन रक्तात येतं, उजेड झाला की थांबतं. म्हणजे रात्र जितकी लांब, तितका वेळ स्राव चालू.

यातलं सर्वांत देखणं काम मला कार्टर आणि गोल्डमन यांचं वाटतं. १९८३ साली त्यांनी पीनियल काढलेल्या सैबेरियन हॅमस्टरच्या पिल्लांना, नरांनाच, रोज ठरावीक तास मेलाटोनिन दिलं. चार-सहा तास दिलं तर वृषण वाढले. आठ तास किंवा अधिक दिलं तर वाढ खुंटली. किती दिलं यापेक्षा किती वेळ दिलं, हे निर्णायक ठरलं.

म्हणूनच मेलाटोनिन प्रजनन ‘दाबतं’ हे सरसकट विधान चुकीचं आहे. स्कॉटलंडच्या पश्चिमेला सेंट किल्डा बेटांवर सोए जातीच्या मेंढ्या आहेत. तिथे जूनमध्ये अठरा तासांचा दिवस, तर डिसेंबरात जेमतेम साडेसहा तासांचा. जेराल्ड लिंकन यांनी एडिंबरोत सोए मेंढ्यांच्या नरांवर वर्षानुवर्षं काम केलं. या नरांचे वृषण फुगतात ते दिवस लहान होऊ लागल्यावर! हॅमस्टरला जो स्राव थांबवतो, तोच मेंढ्याला माजावर आणतो. कारण गर्भकाळात आहे. हॅमस्टरची पिल्लं सोळा दिवसांत जन्मतात, मेंढीला पाच महिने लागतात. दोघांनाही पिल्लं हवीत ती चाऱ्याच्या दिवसांत. मेलाटोनिन फक्त रात्रीची लांबी सांगतं. तिचा अर्थ प्रत्येक जात आपल्या सोयीने लावते.

हा अर्थ मुख्यतः पीयूषिका ग्रंथीच्या देठापाशी लागतो. तिथल्या पेशी मेलाटोनिन ओळखतात आणि मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागातल्या थायरॉइड संप्रेरकाचं प्रमाण बदलतात. पुढे किसपेप्टिन हे मेंदूतलंच संदेशवाहक रसायन, मग पीयूषिकेचे स्राव, शेवटी वृषणातलं टेस्टोस्टेरॉन, अशी ही साखळी आहे.

प्रयोगशाळांतल्या अनेक जातींच्या उंदरांत मेलाटोनिन जवळजवळ बनतच नाही, तरी त्यांना वर्षभर पिल्लं होतात. म्हणजे शुक्राणू बनायला ते अपरिहार्य नाही. त्याचं काम ऋतू सांगणं. त्याला ‘झोपेचं संप्रेरक’ म्हणून मोकळं होणं तर मला अजिबात पटत नाही. हॅमस्टर निशाचर आहे. त्याच्या रक्तात मेलाटोनिन चढतं तेव्हा तो टक्क जागा असतो.

युरोपातले मेंढपाळ या ज्ञानाचा रोकडा उपयोग करतात. मेंढीच्या कानामागे १८ मिलिग्रॅम मेलाटोनिनची कांडी बसवतात, मेंढ्याला अशा तीन. मग हंगाम लवकर सुरू होतो. आपल्या दख्खनी मेंढ्यांना असा काटेकोर हंगाम नाही. पुण्यात वर्षातला सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत दोन-सव्वादोन तासांचाच फरक. इथे पाऊस आणि चारा यांचंच चालतं.

आता पुन्हा हॅमस्टरकडे. लांब रात्रींतच कोंडून ठेवलेल्या हॅमस्टर नराचे वृषण साधारण पाच-सहा महिन्यांनी आपोआप पुन्हा वाढू लागतात. मेलाटोनिन पूर्वीइतकाच वेळ स्रवत असतं, पण शरीर त्याला दाद देत नाही. त्यामुळे वसंतात बिळाबाहेर येतो तो तयार नर. पुढच्या हिवाळ्यात त्याच इशाऱ्याला प्रतिसाद द्यायचा, तर मध्ये कित्येक आठवडे मोठ्या दिवसांचे जावे लागतात.