आजारी उंदराची मरगळ

ताप उतरतो, तरी पुढचे चार दिवस माणूस गप्प बसून राहतो. जेवण नको, बोलणे नको. ही मरगळ मनाचा कमकुवतपणा म्हणायची, की शरीरानेच केलेली काही व्यवस्था? मी प्रयोगशाळेत कधी काम केलेले नाही; पण या एका प्रश्नापायी गेली काही वर्षे शोधनिबंध वाचत आलो आहे. त्याचे बरेचसे उत्तर उंदरांच्या पिंजऱ्यात सापडते.

या प्रयोगांत बहुधा जिवंत जंतू टोचत नाहीत. काही जिवाणूंच्या बाह्य आवरणातला लिपोपॉलिसॅकराइड, म्हणजे एलपीएस, हा घटक तेवढा टोचतात. संसर्ग होत नाही, पण प्रतिकारयंत्रणेला शत्रू आल्यासारखे वाटते. काही तासांतच उंदीर खाणेपिणे सोडतो, अंग आक्रसून कोपऱ्यात बसतो.

हे निव्वळ गळून जाणे नव्हे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ नील मिलर यांनी १९६४च्या सुमारास असेच जिवाणूविष टोचलेले उंदीर पाहिले. अन्नपाण्यासाठी ते दांडी दाबेनात. पण दांडी दाबली की फिरते पिंप थांबून विसावा मिळतो, अशी सोय केल्यावर ते ती अधिकच दाबू लागले. १९९७ साली फ्रेंच संशोधकांनी लेकुरवाळ्या उंदरिणींना एलपीएस दिले. २२ अंश सेल्सिअसला त्यांनी घरट्याकडे दुर्लक्ष केले. ६ अंशांच्या थंडीत मात्र घरटे बांधले. म्हणजे ताकद शिल्लक होती. कोणते काम आधी, हा क्रम बदलला होता.

हा क्रम बदला, असा निरोप मेंदूला देतात सायटोकाइन नावाची प्रथिने. ती प्रतिकारपेशींतून बाहेर पडतात. पोटातून मेंदूकडे जाणारी व्हेगस ही चेतातंतूंची जुडी कापली, तर पोटात एलपीएस टोचूनही मरगळ बरीच कमी दिसते. रक्तावाटेही निरोप जातो, आणि मग मेंदूतल्या पेशी स्वतःच सायटोकाइन तयार करू लागतात.

आता रसायनाकडे येऊ. अन्नातल्या ट्रिप्टोफॅनपासून मेंदू सेरोटोनिन बनवतो. सायटोकाइनमुळे आयडीओ हे विकर जागे होते आणि पाटाचे पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवावे तसे ट्रिप्टोफॅनला कायन्युरेनिनकडे वळवते. रॉबर्ट डान्ट्झर यांच्या गटाने २००९मध्ये दाखवले, की एलपीएसनंतर २४ तासांनी उंदरांचे हिंडणेफिरणे सावरते, तरी पाण्यात सोडल्यावर ते लवकर हातपाय गाळतात. आयडीओ औषधाने अडवले, तर सायटोकाइन वाढलेले असूनही हे घडत नाही. उलट निरोगी उंदरांना नुसते कायन्युरेनिन दिले तरी ते तसेच वागतात. तेव्हा सगळा दोष सेरोटोनिनच्या तुटीवर टाकता येत नाही.

पाण्यात स्थिर राहणारा उंदीर दुःखी असतो, असे मात्र म्हणू नये. त्याला विचारता येत नाही. माणसाला येते. हिपॅटायटिस सीसाठी इंटरफेरॉन-अल्फा हे सायटोकाइन औषध म्हणून घेणाऱ्या अनेकांना नैराश्य आले, आणि त्यांच्या रक्तातले ट्रिप्टोफॅन घटलेले आढळले.

प्रत्येक उदासीचे मूळ इथेच असते असे नाही, आणि आठवडे लोटूनही न हटणारी उदासी डॉक्टरांना दाखवायलाच हवी. पण आजारातून उठणाऱ्याला ‘मन घट्ट कर’ असे सांगताना एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या मनाला आपण हा उपदेश करतो, त्याची रसायनेच त्या घडीला लढाईच्या कामी लागलेली असू शकतात.