इंग्लंडांतील कौमार्यकल्पना व चर्चच्या नोंदवह्या

समाजाची नीति कशी होती हें ठरवितांना केवळ नीतिग्रंथांवर विसंबूं नये. काय असावें तें ग्रंथ सांगतात. काय होतें तें दप्तर सांगतें. इंग्लंडांतील कौमार्यविषयक कल्पनांचा इतिहास हें याचें उत्तम उदाहरण असल्यानें त्याचें अल्प दिग्दर्शन येथें करीत आहों.

इ. स. १५३८ मध्यें टॉमस क्रॉमवेलच्या हुकुमानें प्रत्येक पॅरिशमध्यें बाप्तिस्मा, लग्न व दफन यांच्या नोंदी ठेवण्याचें ठरलें. सुटी नोंद मुकी असते. परंतु लग्नाची तारीख व पहिल्या अपत्याच्या बाप्तिस्म्याची तारीख शेजारीं मांडली, कीं वधू लग्नसमयीं गर्भवती होती किंवा काय, हें बहुधा कळतें. १९६४ नंतर केंब्रिज येथील संशोधकांनीं व इतरांनीं अशा नोंदी मोठ्या प्रमाणांत जुळविल्या. त्यांवरून सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत साधारण सहांपैकीं एक वधू गर्भवती असे; १८०० च्या सुमारास हें प्रमाण एक-तृतीयांशावर गेलें. अनौरस जन्म १६५० च्या दशकांत शेंकडा १ च्या आसपास दिसतात, ते १८०० च्या सुमारास शेंकडा ५ झाले. १६५० च्या कायद्यानें अविवाहितांच्या संगास तीन महिन्यांची कैद सांगितली होती. तेव्हां पहिला आंकडा नोंद चुकविल्यामुळेंहि कमी असूं शकेल. तथापि पुढील चढ निर्विवाद आहे, आणि कौमार्यरक्षणाचें माहात्म्य सांगणारी रिचर्डसनची 'पामेला' ही कादंबरी याच चढत्या काळांत, १७४० मध्यें, निघाली!

यावरून लोक अनीतिमान् झाले असें म्हणणें घाईचें होईल. जुन्या ख्रिस्ती धर्मशास्त्राप्रमाणें स्त्रीपुरुषांनीं वर्तमानकाळीं उच्चारलेलें परस्परवचन हाच विवाह होय. त्यामुळें चर्च रागावलें तरी सामान्य जनांत वचनानंतरच्या संगास फारसा कलंक नसे. मिळकतदार घराण्यांत मात्र वारसाच्या प्रश्नामुळें कसोटी कडक होती. लॉर्ड हार्डविकच्या १७५३ च्या कायद्यानें नुसत्या वचनाचें हें बळ नाहींसें झालें. वचन मोडणाऱ्या पुरुषास धर्मन्यायालय लग्नास बांधूं शकेना, आणि विश्वास ठेवणारी स्त्री पतिता ठरली. १८३४ च्या गरीबकायद्यानें तर मुलाच्या पोषणाचा भार मुख्यतः तिच्याच माथीं मारला.

लंडनच्या फाउंडलिंग हॉस्पिटलाकडे एकोणिसाव्या शतकांत आलेले अर्ज या दृष्टीनें वाचावेत. आईचें पूर्वचारित्र्य शुद्ध होतें व बापानें तिला टाकलें, हें पाहूनच मूल घेत. लग्नाचें वचन मिळालें होतें, हा मजकूर त्यांत वारंवार येतो.

आमच्या मतें येथें पालटलें तें वर्तनापेक्षां वचनाचें मोल. हें कोणत्याहि नीतिग्रंथानें सांगितलें नसतें. नुसत्या तारखांचें बाड हातीं आलें असतां संग्राहकांनीं तें निरुपयोगी समजून टाकूं नये, इतकीच आमची विनंति आहे.