गारपिटीचा विमा : भरपाई कुणाला, तोटा कुणाला?

इस्लामपूर : फेब्रुवारी उजाडला की सांगली जिल्ह्यात द्राक्षांचे सौदे सुरू होतात. आपले बागवान बांधव वेलीवरचा माल पाहून इसार देतात. पेट्या पुरविणारे, मांडवाचे वेल्डिंग करणारे यांची उधारीही याच हंगामात फिटते. अशा वेळी गारांचा एक सडाका सर्वांचा हिशेब बिघडवतो. २०१४ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये महाराष्ट्राने हे पाहिले.

विमा आहे, पण त्याची रीत समजून घ्यावी. फळपिकांचा विमा हवामानावर चालतो. पाऊस, तापमान यांचा आकडा महसूल मंडळातील हवामान केंद्र नोंदविते. तो ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला की भरपाई लागू होते. गारांचे नुकसान असे यंत्रावर ठरत नाही. म्हणून त्यासाठी जादा हप्ता भरून वेगळे संरक्षण घ्यावे लागते. नुकसानीची खबर ७२ तासांत द्यावी लागते, मग बागेची पाहणी होऊन भरपाई ठरते.

इतर पिकांचे तसे नाही. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत गारपिटीसाठी एकेका शेताची पाहणी होत असे. महाराष्ट्रात २०२५ च्या खरिपापासून ही सोय गेली, एक रुपयाचा विमाही बंद झाला. आता पीक कापणी प्रयोगात मंडळाचे सरासरी उत्पन्न घटले तरच पैसे मिळतात. एकाच शिवारात गारा पडल्या तर हाती काही येईलच असे नाही. ३३ टक्के वा अधिक नुकसानीवर पंचनाम्याने मिळणारी सरकारी मदत वेगळी.

व्यापाऱ्याने ध्यानात ठेवावे, की विम्याची रक्कम विमा उतरविणाऱ्या शेतकऱ्याच्या खात्यात जाते. इसार देणाऱ्याचा तिच्यावर हक्क नाही. बाग भाडेपट्ट्याने कसणाऱ्याला विमा उतरविता येतो, पण करार नोंदणीकृत हवा. नुसता माल घेणे म्हणजे भाडेपट्टा नव्हे.

विम्याच्या जाइज-नाजाइजबाबत उलमांची मते वेगवेगळी आहेत. ते आपल्या आलिमांना विचारावे. मात्र फळ विकल्यावर आफत आली तर विकणाऱ्याने भावाचे पैसे नाहक घेऊ नयेत, या आशयाची हजरत जाबिर (रजि.) यांची हदीस सहीह मुस्लिममध्ये आहे. तेव्हा गारा पडल्यास इसाराचे काय, हे सौद्याच्या चिठ्ठीवरच लिहून दोघांनी सह्या कराव्यात. आभाळ भरून आल्यावर लिहायला कुणी बसत नाही.