मैदानावरचा निषेध आणि धावफलकाचा कौल

खेळाडूने मैदानावर अन्यायाविरुद्ध निषेध नोंदवला की त्याच्या संघाचे चाहते दोन तटांत विभागले जातात, हे जगभरच्या व्यावसायिक फुटबॉलमध्ये, म्हणजे खेळाडू पगारी करारावर खेळतात आणि प्रेक्षक पैसे मोजून पाहतात अशा फुटबॉलमध्ये, गेल्या दहा वर्षांत वारंवार दिसून आले आहे. मात्र हा वाद निषेधाच्या कारणाविषयी फार काळ चालत नाही. तो लवकरच संघाच्या कामगिरीवर घसरतो. संघ हरला तर खेळाडूंचे खेळाकडे लक्ष नव्हते असा ठपका येतो, आणि जिंकला तर निषेध झाला होता याचाच बहुतेकांना विसर पडतो. गोलसंख्येवरून किंवा धावफलकावरून नैतिक प्रश्नाचा निकाल लावण्याची ही रीत चुकीची आहे, पण तिला निव्वळ अडाणीपणा म्हणून सोडून देता येत नाही. कारण कामगिरीच्या प्रश्नाआड निवडीचा, मानाचा आणि अधिकाराचा प्रश्न दडलेला असतो. त्याचा सर्वांत बोलका दाखला परदेशी फुटबॉलमध्ये नसून शंभर वर्षांपूर्वीच्या मुंबईच्या क्रिकेटमध्ये सापडतो.

अलीकडच्या उदाहरणांपासून सुरुवात केली तर २०२२ ची कतारमधील विश्वचषक स्पर्धा प्रथम डोळ्यांसमोर येते. युरोपातील काही संघांच्या कर्णधारांनी भेदभावाच्या विरोधात 'वनलव्ह' नावाची रंगीत दंडपट्टी बांधायचे ठरवले होते. परंतु जागतिक फुटबॉलची नियामक संस्था असलेल्या फिफाने पट्टी बांधणाऱ्याला पिवळे कार्ड, म्हणजे ताकिदीची शिक्षा, दाखवण्याचा इशारा दिल्यावर तो बेत मागे घ्यावा लागला. २३ नोव्हेंबर रोजी जपानविरुद्धच्या सामन्यापूर्वी जर्मनीच्या खेळाडूंनी संघाच्या छायाचित्रासाठी उभे राहताना तोंडावर हात ठेवले आणि आपला आवाज दाबला जात असल्याचे सुचवले. सामना ते १-२ असा हरले आणि पुढे साखळी फेरीतच गारद झाले. 'राजकारण सोडा, गोल करा' अशी टीका करणाऱ्यांना यापेक्षा आयते उदाहरण मिळणे अवघड होते. परंतु त्याच सामन्यात जर्मनी ७५ व्या मिनिटापर्यंत आघाडीवर होती, आणि २०१८ मध्ये रशियात तोंडावर हात वगैरे काही न ठेवताही हाच देश साखळी फेरीत बाद झाला होता, या दोन गोष्टी टीकाकारांनी सोयीस्करपणे वगळल्या.

इराणच्या संघाची हकीकत याहून गुंतागुंतीची आहे. देशातील सरकारविरोधी आंदोलनाच्या पार्श्वभूमीवर इराणी खेळाडू २१ नोव्हेंबर रोजी इंग्लंडविरुद्ध राष्ट्रगीताच्या वेळी गप्प राहिले आणि २-६ असे हरले. २५ तारखेला त्यांनी राष्ट्रगीत म्हटले आणि वेल्सला २-० असे हरवले. २९ तारखेला पुन्हा म्हटले आणि अमेरिकेकडून ०-१ असे हरून बाहेर पडले. तीन सामन्यांची ही नोंद पाहून मौन आणि पराभव यांचा कार्यकारणसंबंध जोडणाऱ्याला तिसऱ्या सामन्याचे काय करायचे, हे सांगता येणार नाही. जून २०२० पासून इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये, वर्णद्वेषाच्या निषेधार्थ, सामन्यापूर्वी गुडघा टेकण्याची प्रथा पडली तेव्हा तर दोन्ही बाजूंचे खेळाडू गुडघा टेकत असत. म्हणजे जिंकणाराही निषेधकर्ता आणि हरणाराही निषेधकर्ता.

या वादाचा आधुनिक नमुना मात्र अमेरिकी फुटबॉलमधला आहे. हा खेळ आपल्या परिचयाच्या फुटबॉलहून निराळा असून त्यात चेंडू प्रामुख्याने हातात धरून पळवला किंवा फेकला जातो आणि चढाईची सूत्रे 'क्वार्टरबॅक' या खेळाडूच्या हाती असतात. सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्स संघाचा क्वार्टरबॅक कॉलिन कॅपरनिक याने ऑगस्ट २०१६ मध्ये, कृष्णवर्णीयांवरील पोलिसी अत्याचाराच्या निषेधार्थ, राष्ट्रगीताच्या वेळी बसून राहायला सुरुवात केली आणि नेट बॉयर या माजी सैनिकाशी चर्चा झाल्यावर बसण्याऐवजी गुडघा टेकण्याचा मार्ग पत्करला. त्या हंगामात त्याच्या संघाने १६ पैकी अवघे २ सामने जिंकले. मार्च २०१७ मध्ये तो करारातून मोकळा झाला आणि त्यानंतर एकाही संघाने त्याला घेतले नाही. चाहत्यांमधील वाद येथे खरा पेटला. तो पूर्वीसारखा खेळत नव्हता म्हणून कोणी घेतले नाही, असे एक बाजू म्हणे. त्याच हंगामात त्याने गोलरेषेपार १६ यशस्वी फेकी केल्या आणि प्रतिपक्षाच्या हाती केवळ ४ चेंडू दिले, तेव्हा त्याच्याहून सुमार क्वार्टरबॅक नोकरीवर असताना हा बाहेर कसा, असे दुसरी बाजू विचारी. त्याने ऑक्टोबर २०१७ मध्ये संघमालकांनी संगनमत केल्याची तक्रार दाखल केली आणि फेब्रुवारी २०१९ मध्ये ती तडजोडीने मिटली. तडजोडीच्या अटी गुप्त राहिल्यामुळे चाहत्यांच्या प्रश्नाला अधिकृत उत्तर मिळालेच नाही. १ जानेवारी २०१७ चा सामना हा त्याचा शेवटचा ठरला.

अर्धापूर, नांदेड किंवा लातूरच्या वाचकाला हे सारे दूरचे वाटणे स्वाभाविक आहे, कारण या भागात व्यावसायिक फुटबॉल संघ नाही. महाराष्ट्रात फुटबॉलची पेठनिहाय, कडवी निष्ठा पाहायची तर कोल्हापुरात पाटाकडील तालीम, प्रॅक्टिस क्लब, दिलबहार किंवा खंडोबा तालीम यांच्या सामन्यांना शाहू स्टेडियमवर जावे लागते. मराठवाड्यातील गर्दी जमते ती कुस्तीच्या फडाभोवती, माळेगावच्या खंडोबा यात्रेतील दंगलीभोवती. कुस्तीतही हाच वाद अलीकडे झाला. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात शिवराज राक्षे महाराष्ट्र केसरी झाला तेव्हा तो नांदेड जिल्ह्याकडून लढत होता. तो स्वतः पुणे जिल्ह्यातला, तालीम लातूरच्या काका पवार यांची आणि गदा नांदेडच्या नावावर, अशी ती व्यावसायिक फुटबॉलमधील खेळाडूंच्या संघबदलाला शोभणारी व्यवस्था होती. २ फेब्रुवारी २०२५ रोजी अहिल्यानगर येथे गादी विभागाच्या निर्णायक कुस्तीत पंचांनी पृथ्वीराज मोहोळ याच्या बाजूने चितपटीचा निर्णय दिला. दोन्ही खांदे टेकलेच नव्हते असा राक्षेचा दावा होता आणि त्या भरात त्याने पंचांना लाथ मारली. त्यानंतरच्या अंतिम लढतीत सोलापूरचा महेंद्र गायकवाड गुणाच्या वादावरून आखाडा सोडून गेला. दोघांवरही तीन वर्षांच्या बंदीची कारवाई जाहीर झाली.

निषेधाचे दोन प्रकार येथे वेगळे करावे लागतात. अहिल्यानगरचा निषेध निकालाचा होता, म्हणजे एका विशिष्ट निर्णयाविरुद्ध होता. कॅपरनिकचा निषेध व्यवस्थेचा होता आणि त्या दिवशीच्या निकालाशी त्याचा संबंध नव्हता. पहिल्या प्रकारात कामगिरीचा प्रश्न गैरलागू नाही, कारण खांदे टेकले की नाही हाच वादाचा विषय असतो, आणि पंचाच्या अंगावर जाणाऱ्याची बाजू खरी असली तरी ती त्याच क्षणी दुबळी होते. दुसऱ्या प्रकारात कामगिरीचा प्रश्न बाहेरून आणून चिकटवलेला असतो. पण या दोहोंच्या मधोमध एक तिसरा प्रकार आहे, आणि तो म्हणजे संघनिवडच व्यवस्थेच्या अन्यायाने बाधित असते तेव्हा खेळाडूने केलेला निषेध. १९२० मधील पालवणकर बंधूंचे प्रकरण हे त्याचे अस्सल उदाहरण होय.

बाळू पालवणकर हे चांभार समाजातील डावखुरे फिरकी गोलंदाज होते. पुण्यात पारशांच्या क्लबात दरमहा तीन रुपयांवर मैदान झाडणे आणि खेळपट्टी दाबणे हे त्यांचे सुरुवातीचे काम होते. पुढे गोऱ्यांच्या पूना क्लबात ते सरावासाठी गोलंदाजी करू लागले, आणि जे. जी. ग्रेग हा नामांकित फलंदाज बाद झाला की प्रत्येक वेळी त्यांना आठ आणे देत असे, असे सांगितले जाते. फलंदाजी मात्र त्यांना कोणी दिली नाही, कारण ती साहेबांची मिरास होती. पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना गोलंदाजीसाठी घेतले तेव्हाही चेंडू सर्वांनी शिवायचा, पण चहा मात्र बाळूंनी तंबूबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात घ्यायचा, अशी विभागणी होती. त्यांच्यामागोमाग शिवराम, गणपत आणि विठ्ठल हे तिघे भाऊही हिंदू संघात आले. १९०६ मध्ये हिंदू संघाने मुंबईत युरोपियनांना हरवले त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता, आणि १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात, प्रथम श्रेणीच्या १४ सामन्यांपैकी अवघे २ जिंकणाऱ्या भारतीय संघाकडून, त्यांनी सर्व सामने मिळून ११४ बळी घेतले.

एवढी कामगिरी पदरी असताना त्यांना हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. मुंबईत १९१२ पासून हिंदू, मुस्लिम, पारशी आणि युरोपियन अशा चार संघांचे चौरंगी सामने होत असत. संघ धर्माच्या नावाने उभे होते, प्रेक्षकांची निष्ठा आजच्या कोणत्याही फुटबॉल चाहत्याला लाजवेल इतकी कडवी होती, आणि हिंदूंचे नेतृत्व उच्चवर्णीयाकडेच जाई. १९१३ मध्ये कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी, आपल्याहून ज्येष्ठ असलेल्या बाळूंचाच या मानावर हक्क होता, असे जाहीरपणे सांगितले. तरी निवड समिती बधली नाही. १९२० च्या स्पर्धेत बाळूंना संघातून वगळण्यात आले, आणि कर्णधार पै आजारी पडल्यामुळे पहिल्या सामन्यासाठी कर्णधार नेमायची वेळ आली तेव्हा ज्येष्ठ आणि त्या काळात ऐन भरात असलेल्या विठ्ठल यांना डावलून दि. ब. देवधर यांची नेमणूक झाली. त्यावर विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले आणि निवेदन प्रसिद्ध करून, पात्रता व ज्येष्ठता बाजूला सारून जातीचा विचार होत असल्याची तक्रार मांडली.

या ठिकाणी कामगिरीचा युक्तिवाद निवड समितीच्या मदतीला धावून येऊ शकत होता, आणि तो अर्धा खराही होता. बाळूंनी चाळिशी केव्हाच ओलांडली होती. त्यांना वगळण्याचे समर्थन निव्वळ खेळाच्या निकषावर कोणी केले असते तर त्याला सहज खोडून काढता आले नसते. विठ्ठल यांच्याबाबत मात्र तो युक्तिवाद टिकत नव्हता, आणि एकाच घरातील दोघांना एकाच वेळी दोन वेगवेगळ्या सबबींवर बाजूला केले जात आहे, हे पाहणाऱ्याला सबबींपेक्षा समान धागा लवकर दिसतो. शिवाय 'खेळात राजकारण आणू नका' हा उपदेश पालवणकरांना करण्यात अर्थच नव्हता, कारण राजकारण निवडीच्या टेबलावर आधीच येऊन बसले होते. बंधूंनी ते फक्त नाव घेऊन दाखवले.

त्याहून लक्षणीय गोष्ट अशी की विठ्ठल आणि शिवराम यांच्याविना खेळूनही हिंदू संघ अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. धावफलकाचा कौल मानायचा तर वाद तेथेच संपायला हवा होता. दोघांची गरज नाही हे सिद्ध झाले होते. तरीही वृत्तपत्रांतील चर्चा आणि लोकमत यांच्या रेट्याने पारशांविरुद्धच्या त्या सामन्यासाठी दोघे भाऊ परत आले, बाळूंना पुन्हा संघात घेऊन उपकर्णधार नेमण्यात आले, आणि पै यांनी सामन्यात काही काळ मुद्दाम मैदानाबाहेर जाऊन संघाची सूत्रे बाळूंच्या हाती दिली. निषेधाच्या इतिहासात निषेध करणाऱ्यांची नावे राहतात, पण आपली जागा सोडून त्यांना वाट देणारा पै यांच्यासारखा सहकारी क्वचितच भेटतो. कॅपरनिकच्या शेजारी एरिक रीडसारखे सहकारी गुडघा टेकून बसले खरे, पण त्याला संघात जागा देणे ज्यांच्या हाती होते त्यांच्यापैकी कोणीही पै झाला नाही.

१९२३ मध्ये विठ्ठल पालवणकर हिंदू संघाचे कर्णधार झाले आणि त्याच वर्षी संघाने युरोपियनांना नमवून चौरंगी स्पर्धा जिंकली. तीन वर्षांपूर्वीचा निषेध त्यामुळे योग्य ठरला, असे आज म्हटले जाते, आणि येथेच पुन्हा तीच चूक होते. १९२३ मध्ये हिंदू हरले असते तरी १९२० ची तक्रार तितकीच खरी राहिली असती. विजयाने एवढेच केले की ज्यांना कारण पटत नव्हते त्यांना ते पटल्यासारखे वागण्याची सोय झाली. अर्थात विजयही प्रत्येक वेळी ही सोय करून देत नाही: जुलै २०२३ मध्ये बंगळुरूत भारताने दक्षिण आशियाई फुटबॉलची सॅफ स्पर्धा जिंकल्यानंतर मणिपूरच्या जॅक्सन सिंग याने, हिंसाचाराने होरपळणाऱ्या आपल्या राज्याकडे लक्ष वेधण्यासाठी, मैतेई समाजाचा सप्तरंगी ध्वज अंगावर घेतला, तेव्हा हातात विजेतेपद असूनही त्याच्यावर टीका झाली. निषेध करणारा खेळाडू पुढे सर्वच प्रश्नांवर अपेक्षित बाजूला उभा राहील, ही अपेक्षाही फोल आहे. बाळू पालवणकर यांनी १९३७ ची निवडणूक काँग्रेसतर्फे लढवली ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विरोधात, आणि ते त्यात पराभूत झाले.

चाहत्याला संघाच्या कामगिरीवर बोलण्याचा पूर्ण अधिकार आहे आणि त्याने तो वापरावा. गुडघा टेकणारा क्वार्टरबॅक वाईट खेळला तर तो वाईट खेळला असेच म्हटले पाहिजे. फक्त तेवढ्यावरून त्याच्या गाऱ्हाण्याचा निकाल लावू नये. विठ्ठल पालवणकर यांनी 'माझे क्रीडा-जीवन' हे आत्मचरित्र १९४८ मध्ये मराठीतच लिहून प्रसिद्ध केले. या वादात हिरिरीने उतरणाऱ्या मराठी वाचकाने जुन्या ग्रंथालयात शोधून ते आधी वाचावे.