देवराई आणि आपली ऊसतोड



लागणीची नोंदवही चाळली की पानोपानी तेच दिसते : आडसाली, को ८६०३२, जुलै. १९९६ साली शिफारस झालेला हा वाण चांगलाच आहे, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळा ऊस एका जातीचा, एका वयाचा, मग तोडही सर्वांना एकदमच हवी. टोळ्या तेवढ्याच, वाहने तेवढीच. मग चिटबॉयशी भांडण ठरलेले! तोडलेला ऊस चोवीस तासांत गाळला गेला नाही तर वजन घटते, साखरही उतरते; आणि दर तर सरासरी उताऱ्यावर ठरतो. म्हणजे एकाच्या वाळलेल्या मोळीचा भुर्दंड सगळ्यांना.

एखाद्या देवराईत वर्षभर फिरून बघा. करवंदे, जांभळे उन्हाळ्याच्या अखेरीस, आवळा थंडीत. आणि दुसरे काही नसते तेव्हा उंबर. एका झाडाचा मोहोर गळाला म्हणून पाखरे उपाशी मरत नाहीत. आपल्या पुरवठ्यात उंबर कुठे आहे?

एकाच जातीवर विसंबण्याची किंमत उत्तर प्रदेशाने मोजली. तिथे को ०२३८ या वाणाने उतारा वाढवला, शेतकरी खूश झाला, आणि २०२०च्या सुमारास राज्यातील ऐंशी टक्क्यांहून जास्त ऊस त्याच जातीचा झाला. मग लाल कूज आली. कांडे उभे चिरले की आत लाल, मधे पांढरे पट्टे, आंबूस वास. शिवारच्या शिवार एकाच जातीचे, रोगाला अडवणार कोण?

जंगलात कीड नसते असे नाही, पण कीड खाणारेही तिथेच असतात. २००२ साली सांगलीकडे लोकरी मावा दिसला तेव्हा मी पदविकेला होतो. वडिलांनी डोक्याएवढ्या उसात शिरून फवारण्या केल्या. मी पण पुस्तक बघून तेच सांगितले! पुढे मावा आटोक्यात आणण्यात मोठा वाटा डिफा आणि मायक्रोमस या मित्रकिडींचा निघाला. आमच्या औषधाने आम्ही त्यांनाच मारत होतो. पाचट पेटवणाऱ्यांनीही हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा यंदा सगळे रान आडसालीत घालू नका. थोडे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या पूर्वहंगामीला, थोडे सुरूला ठेवा. चोपण रानात फुले २६५ घ्या, मात्र तो कोवळा तोडायची घाई नको. कोसी ६७१ लवकर पक्व होतो, साखर भरपूर. पण लाल कुजीला बळी पडतो, म्हणून निचऱ्याच्या रानातच आणि तोही थोडाच. शेजाऱ्याशी बोलून जाती वेगळ्या ठेवता आल्या तर उत्तमच.

बेणे नऊ ते अकरा महिन्यांचे, बेणेमळ्यातलेच न्यावे. खोडव्याचे बेणे कुणी फुकट दिले तरी घेऊ नये. मागणी गट कार्यालयात द्यावी, आणि नोंद देताना जात खरी सांगावी. तोडीचा कार्यक्रम त्यावरच बसवतो.

— ऊस विकास अधिकारी