किनारा एकीकडे, शहर दुसरीकडे

मंडळी, शहरं किनाऱ्यावर वाढतात असं आपण भूगोलात शिकलो. आता बारामती-इंदापूरकडे बघा. किनारा आहे तो इंदापूर तालुक्याला. १९८० मध्ये भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं आणि सुमारे ११७ टीएमसीचा जलाशय पसरला. भिगवणला मासळीचा बाजार भरू लागला, हिवाळ्यात रोहित पक्षी उतरू लागले. शहर म्हणून वाढली ती मात्र बारामती. तिच्याकडे नदी म्हणाल तर कऱ्हा, तीही बरेच महिने कोरडी.

बारामतीला पाणी दिलं नीरा डाव्या कालव्यानं, १८८५च्या सुमारास. कालव्यामागून ऊस आला, उसामागून साखर कारखाने, मग एमआयडीसी, कॉलेजं. (मोरोपंत त्याआधीचे, त्यांचं श्रेय कालव्याला देऊ नका!) पण कालवा उतारानंच वाहतो ना. सुप्याकडच्या चढावरच्या जिराईत गावांना तो मिळत नाही. एकाच तालुक्यात उसाला पाट आणि प्यायला टँकर.

म्हणून ‘बारामती वाढली’ या वाक्यातला कर्ता कोण, हे मी विचारतो. तत्त्वज्ञानवाल्याची खोड म्हणा. सुप्याचा शेतकरी त्यात येतो का? आणि उन्हाळ्यात पाणी ओसरलं की पळसदेवचं जुनं मंदिर वर येतं. ते गाव सोडून उठलेल्या माणसांना या वाक्यात कुठं बसवायचं?